पिकअपचा ट्रॅक्शन बार घरी करताय? पाईप केवढा, लांबी किती

नमस्कार मंडळी. कॅमेरा जरा खाली घेतो. हा कमानपाटा, हे मागच्या अ‍ॅक्सलचं मधलं हाउसिंग, आणि प्रोपेलर शाफ्टचा जॉईंट जिथं बसतो ते हे नाक. आता चेसिसला मोबाईल बांधून मी क्लच सोडतानाचं शूटिंग केलंय, ते सावकाश बघा. गाडी अजून जागची हललेली नाही आणि नाक बघा, वर चाललं! पाटा पुढं-मागं असा उलटसुलट वाकला. टायर सुटला की पाटा सरळ, टायरनं पकड घेतली की परत वाकडा. चोर्ला घाटात भाजी भरून चढाच्या वळणावर थांबलात आणि गाडी उचलताना मागून धडधड ऐकू आली, तर ती हीच.

इंजिन चाकाला पुढं फिरवतं, तेव्हा हाउसिंग तेवढ्याच जोरानं उलटं फिरायला बघतं. पाट्याचं काम वजन पेलायचं. हा पीळ अडवायला बार लागतो, म्हणजे एक टोक हाउसिंगला आणि दुसरं पुढं चेसिसला जोडलेला दांडा.

बारला हात घालायच्या आधी यू-बोल्ट आवळा, पाट्याचे बुश आणि सेंटर बोल्ट बघा. कधीकधी काम तिथंच संपतं.

आता हिशोब. इंजिनाच्या ताकदीवरून सुरुवात करू नका. टायर पकड धरेल तेवढाच जोर हाउसिंगवर येतो, त्याच्यापुढं चाक नुसतं गरगरतं. समजा मागच्या अ‍ॅक्सलवर १५०० किलो वजन आहे. कोरड्या डांबरावर पकड साधारण वजनाच्या ०.८ पट धरा, म्हणजे १२०० किलो. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून जमीन ३४ सेंटीमीटर. १२०० गुणिले ०.३४, म्हणजे ४०८. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ४०८ किलो लटकवले तर जेवढा पीळ बसेल, तेवढा.

बार १.२ मीटरचा केला, तर पुढचं टोक चेसिसला ३४० किलोनं वर ढकलणार. तोच ६० सेंटीमीटरचा केला, तर ६८० किलोनं. म्हणून जागा असेल तेवढा लांब घ्या.

अ‍ॅक्सलकडं मात्र गणित उलटं आहे. तिथं बारचे दोन पाईप, एक वर, एक खाली, मधे २० सेंटीमीटर. ४०८ भागिले ०.२, म्हणजे २०४० किलो. एकाला ताण, दुसऱ्याला दाब. दोन्ही बाजूंना बार असतील तर प्रत्येकी निम्मं, पण मी एकट्या बारनं सगळं पेलावं असंच धरतो. सव्वा इंची बी क्लास पाईप घ्या, बाहेरून ४२.४ मिलिमीटर, जाडी ३.२. सरळ असेल तर १.२ मीटर लांबीला हा पाईप सहा-सात टनांच्या आसपास वाकायला लागतो. भरपूर झाला. पाईप त्याहून जाड करण्यात पैसे घालू नका, ते बुश आणि ब्रॅकेटवर घाला. बुश बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर नीट मापात करून मिळतात.

आता जिथं मी स्वतः चुकलो, ते. माझ्या पहिल्या बारला पुढं नुसतं बुश दिलं होतं, शॅकल, म्हणजे बारला पुढं-मागं झुलू देणारा जोडदुवा, नव्हता. जांबोटीच्या रस्त्याला, भर पावसात, माल भरलेली गाडी खड्ड्यात आपटली आणि चेसिसवरचा ब्रॅकेट वेल्डिंगसकट उपटून आला. पाटा दबला की लांबतो, अ‍ॅक्सल मागं सरकतो. बारला मात्र सरकायला जागाच नव्हती. पुढच्या टोकाला शॅकल हवाच. आणि ब्रेक मारला की नाक खाली जातं, म्हणजे शॅकलवर ओढही येते, दाबही येतो. त्याला दोन्ही सोसता आलं पाहिजे.

वेल्डिंगचं बोलतो, हे कृपा करून मनावर घ्या. पाट्यावर वेल्डिंगचा ठिपकासुद्धा नको, उष्णतेनं पोलादाला दिलेलं पाणी (कडकपणा) जातं आणि पाटा तिथंच तुटतो. हाउसिंगची नळी एका दमात भाजू नका, वाकेल. थोडं इकडं, थोडं तिकडं, मधे गार होऊ द्या. बॅटरीची वायर आधी काढा. कमानीच्या यू-बोल्टमध्येच बसणारी पट्टी करता आली तर नळीला भाजायचीही गरज नाही, मला तीच पद्धत पटते. आणि आरटीओत आधी विचारून घ्या.

शेवटचं फिटिंग जॅकवर करू नका. गाडी चारी चाकांवर उभी करा, रोजचा माल भरा, शॅकल ओळंब्यात आहे का बघा आणि मगच बोल्ट आवळा. शंभर किलोमीटर झाले की परत खाली शिरून प्रत्येक बोल्टाला पाना लावा.