इंग्लंडमध्ये मुलांची शाळा : आधी बाक, मग घर

नमस्कार श्रोतेहो.

बदलीचं पत्र हातात पडतं, व्हिसा येतो, तिकिटं निघतात, आणि मग एका रात्री जेवताना कुणीतरी विचारतं, "पण पोरांच्या शाळेचं काय?" आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे, आणि तेही फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे आहेत. एडिंबरा किंवा कार्डिफला निघालेल्यांनी यातल्या तारखा स्वतःला लावून घेऊ नयेत.

आपल्याकडची रीत अशी, की आधी नावाजलेली शाळा हेरायची, ओळख काढायची, फी भरायची आणि मग स्कूलबसचं बघायचं. इंग्लंडच्या सरकारी शाळांत फी नसते, देणगी नसते, पालकांची मुलाखत नसते. मुख्याध्यापकांना भेटून आलात तरी त्या भेटीने तुमचा नंबर वर सरकत नाही. तिथे सगळं एका गोष्टीवर अडतं: तुमच्या मुलाच्या इयत्तेत आत्ता बाक रिकामा आहे का? म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे, की घराच्या करारावर सही करण्याआधी रिकामा बाक शोधा. घर आधी घेतलं आणि आजूबाजूच्या चार शाळा भरलेल्या निघाल्या, तर मूल कित्येक आठवडे घरी बसतं, किंवा रोज दोन बस बदलून लांबच्या शाळेत जातं.

पण बाक कोणत्या इयत्तेत शोधायचा? तिथली इयत्ता केवळ जन्मतारखेवरून ठरते. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात. २० ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं मूल २०२६-२७ या वर्षी इयर फोरमध्ये बसेल, आणि ५ सप्टेंबर २०१८ ला जन्मलेलं इयर थ्रीमध्ये. सोळा दिवसांचा फरक, पण एक अख्खी इयत्ता. इथे मूल तिसरीत असेल तर तिथे साधारणपणे इयर फोरमध्ये जातं, म्हणजे आकडा एकाने वाढतो. हे ऐकून घाबरू नका, अभ्यास वयाप्रमाणेच चालतो. तिथे औपचारिक शाळा लवकर सुरू होते, एवढाच त्याचा अर्थ. चार वर्षं पूर्ण झाली की येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे इयर वनच्या आधीचा वर्ग. "इंग्रजी कच्चं आहे, एक वर्ष मागे बसवा" अशी विनंती करता येते, पण ती मान्य होणं विरळाच. आणि इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला जागा नाकारता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता, शाळा "फुल" म्हणजे काय? रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या तीन वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलं, ही १९९८ च्या कायद्याने घातलेली मर्यादा आहे. एकतिसावं मूल घ्यायचं तर कायद्यातल्या मोजक्या अपवादांतच. इयर थ्रीपासून वर अशी कायदेशीर मर्यादा नाही. तिथे शाळा सांगते, की आणखी एक मूल घेतलं तर बाकीच्यांच्या शिक्षणावर परिणाम होईल. ते खरं असू शकतं, पण ते तपासून घेता येतं. म्हणून प्रवेश नाकारल्यावर केलेलं सहा वर्षांच्या मुलाचं अपील आणि नऊ वर्षांच्या मुलाचं अपील यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्याकडे पुढे येऊच.

बाक शोधायचा कसा, तर ऑफिसपासून जाण्यायेण्यासारख्या तीन-चार कौन्सिल, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्था, निवडा. हाउन्स्लो, हॅरो, स्लाऊ, रेडिंग, जिथे तुमचं काम असेल त्याप्रमाणे. प्रत्येक कौन्सिलच्या स्कूल अॅडमिशन्स विभागाला मुलाची जन्मतारीख लिहून ईमेल करा आणि विचारा, की या इयत्तेत सध्या कोणकोणत्या शाळांत जागा आहेत. पालकाने विचारलं तर ही माहिती देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. तो ईमेल भारतातूनही पाठवता येतो. दोन मुलं असतील तर दोन्ही इयत्तांबद्दल एकदमच विचारा. धाकट्याला जागा आणि थोरल्याला नाही, हा प्रकार नेहमीचा आहे, आणि दोन शाळांची सकाळची वेळ एकच असते. त्या यादीत जिथे दोघांनाही जागा दिसेल, तिथल्या चालत जाण्याच्या अंतरात घर बघा. यादी रोज बदलते, त्यामुळे करार करायच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारून घ्या.

शाळांची पारख करताना बरेच पालक ऑफस्टेडच्या एका शब्दावर विसंबतात. ही तपासणी यंत्रणा पूर्वी अख्ख्या शाळेला "आउटस्टँडिंग" किंवा "गुड" असा एक शब्द द्यायची. सरकारी शाळांसाठी तो शब्द सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाला. घरांच्या जाहिरातींत तो अजून दिसू शकतो, तेव्हा अहवालाची तारीख बघा आणि आतला मजकूर वाचा. चर्चशी जोडलेल्या शाळांनाही उगाच वगळू नका. अर्ज जास्त आले तरच त्यांना धर्माचा निकष लावता येतो. बाक रिकामा असेल तर आपल्या मुलालाही तो द्यावा लागतो.

माहिती भारतातून मिळते, अर्जाचं मात्र तसं नाही. मूल प्रत्यक्ष त्या पत्त्यावर राहायला आल्याशिवाय बहुतेक कौन्सिल अर्ज विचारात घेत नाहीत. पुरावा म्हणून भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल, विजेचं किंवा गॅसचं बिल मागतात. पहिले काही आठवडे हॉटेलात किंवा कंपनीच्या फ्लॅटमध्ये काढणार असाल, तर तो पत्ता चालेल का हे आधी लेखी विचारून घ्या. व्हिसाचं म्हणाल, तर स्किल्ड वर्कर व्हिसावर जाणाऱ्यांच्या सोबतच्या मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे. फिरायला जाण्याच्या व्हिसावर तो नाही, आणि ते बघण्याची जबाबदारी पालकांची.

वर्षाच्या मध्येच केलेल्या अर्जाला तिथे "इन-इयर" अर्ज म्हणतात. काही शाळांसाठी तो कौन्सिलकडे जातो, काहींसाठी, विशेषतः अॅकॅडमी (सरकारी पैशावर, पण कौन्सिलच्या कारभाराबाहेर चालणाऱ्या शाळा) आणि चर्चच्या शाळांसाठी, थेट शाळेकडे. कोणत्या शाळेसाठी कुठे, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. शाळा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत असेल तर तिथल्या कौन्सिलचे नियम बघायचे.

आता एक चूक, जिच्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होतं. पालक शाळेत फोन करतात, ऑफिसमधल्या बाई गोड आवाजात "सॉरी, वी आर फुल" म्हणतात, आणि पालक फोन ठेवून पुढच्या शाळेकडे वळतात. श्रोतेहो, फोनवरचा नकार हा नकार नव्हे. अर्ज भरा. भरलेल्या अर्जाला लेखी उत्तर द्यावं लागतं, नकार असेल तर कारण द्यावं लागतं आणि अपील कसं करायचं हे सांगावं लागतं. वेटिंग लिस्ट आणि अपील, दोन्हींची वाट त्या अर्जातूनच जाते. उत्तराची मुदतही ठरलेली आहे: शक्यतो १० शालेय दिवसांत, आणि जास्तीत जास्त १५.

शालेय दिवस हा शब्द नीट ऐका. सुट्ट्या त्यात धरत नाहीत. आपली मंडळी इथल्या परीक्षा संपवून मे-जूनमध्ये जातात, सामान लावतात आणि जुलैच्या शेवटी अर्ज करतात. तिथली शाळा साधारण २० ते २२ जुलैला बंद होते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते. मग ते १५ दिवस सप्टेंबरात मोजले जातात, आणि उत्तर यायला महिनाअखेर उजाडते. तोच अर्ज जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गेला, तर उत्तर सुट्टीच्या आधी हातात पडतं. शाळेचे चार-पाच आठवडेच उरलेत म्हणून थांबू नका. त्या आठवड्यांत मुलाला दोन मित्र मिळाले, तर सुट्टीत त्याला सोबत होते.

नकार आला तर दोन गोष्टी एकाच वेळी करा. पहिली, वेटिंग लिस्ट. हा क्रम आधी आला त्याला आधी, असा नसतो. शाळेच्या निकषांनुसार, म्हणजे भावंडं शाळेत असणं, घराचं अंतर वगैरे बघून तो लागतो. आज दुसऱ्या क्रमांकावर असलेलं मूल उद्या पाचवं होऊ शकतं, कारण शाळेच्या अगदी जवळ कुणी राहायला आलं. दुसरी, अपील. ते स्वतंत्र मंडळापुढे चालतं, आणि इन-इयर अपिलाची सुनावणी दाखल केल्यापासून ३० शालेय दिवसांत व्हायला हवी. पहिल्या तीन इयत्तांत मंडळाचे हात बांधलेले असतात. नियम चुकीचा लावला गेला किंवा निर्णय अवाजवी होता, एवढंच प्रामुख्याने बघितलं जातं. त्या वयासाठी मात्र एक अपवाद कामाचा आहे: नव्याने राहायला आलेल्या मुलाला वाजवी अंतरात दुसरी कुठलीच शाळा उपलब्ध नसेल, तर त्याला एकतिसावं म्हणून घेता येतं. अर्जात हे स्पष्ट लिहा. वयाने मोठ्या मुलांच्या अपिलात "शाळा छान आहे" यापेक्षा याच शाळेची गरज का आहे ते मांडा. थोरली बहीण तिथे शिकते, मुलाला लागणारी विशेष मदत तिथे मिळते, अशी ठोस कारणं.

दरम्यान दुसऱ्या शाळेची जागा देऊ केली, तर ती घ्या. ती घेतल्याने आवडत्या शाळेची वेटिंग लिस्ट किंवा अपील बुडत नाही. आणि जवळपास कुठेच जागा नसल्याने मूल चार आठवडे किंवा जास्त शाळेबाहेर राहिलं, तर कौन्सिलला "फेअर अॅक्सेस" या व्यवस्थेबद्दल लेखी विचारा. ती अशाच मुलांसाठी आहे.

आणखी एक खड्डा आहे, दोन अर्जांचा. मूल इयर सिक्समध्ये बसणार असेल, तर पुढच्या सप्टेंबरात ते माध्यमिक शाळेत जाणार. त्या प्रवेशाची मुदत आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला संपते आणि जागा १ मार्चला जाहीर होतात. तुम्ही एप्रिलमध्ये पोचलात तर इयर सिक्ससाठी एक इन-इयर अर्ज आणि इयर सेव्हनसाठी दुसरा, उशिराचा अर्ज, असे दोन्ही भरावे लागतात. पहिला भरला, मूल शाळेत जायला लागलं, सगळे निवांत झाले, आणि जूनमध्ये कळलं की सप्टेंबरची जागाच नाही, असं होऊ देऊ नका. चार वर्षांच्या मुलांचंही तसंच. नर्सरीत जागा मिळाली म्हणजे रिसेप्शनमध्ये मिळाली असं नाही. त्याची मुदत १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिल. काही भागांत इयर टूपर्यंतची शाळा वेगळी असते. तिथे इयर थ्रीसाठीही हीच १५ जानेवारी लागू होते.

नववी-दहावीतल्या मुलांच्या पालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. इयर टेन आणि इलेव्हन मिळून जीसीएसईचा, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेचा अभ्यासक्रम होतो, आणि शाळेगणिक परीक्षा मंडळ आणि नेमलेली पुस्तकं बदलतात. इयर इलेव्हनच्या मध्यात आलेल्या मुलाला अर्धा अभ्यासक्रम स्वतः भरून काढावा लागतो, आणि मे महिन्यात परीक्षा. शक्य असेल तर दहावी इथेच पूर्ण होऊ द्या आणि सप्टेंबरात इयर ट्वेल्व्हसाठी न्या. वय बरोबर जुळतं. दहावीचे गुण कसे धरायचे हे प्रत्येक सिक्स्थ फॉर्म (शाळेतले अकरावी-बारावीसारखे वर्ग) किंवा कॉलेज स्वतः ठरवतं, त्यामुळे निकालाआधीच त्यांना गुणपत्रिकेचा नमुना पाठवून विचारा.

आता कागद. जन्मदाखला इंग्रजीत, गेल्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं, लसीकरणाची नोंद. लसीकरण प्रवेशाची अट नाही, पण डॉक्टरकडे नाव नोंदवताना ती लागते. मुलाला वाचनात, बोलण्यात किंवा वागण्यात अडचण असेल, तर इथल्या तज्ज्ञांचे अहवाल तारखेसह न्या आणि अर्जातच त्याचा उल्लेख करा. हे लपवलं तर मदत उशिरा मिळते, दुसरं काही होत नाही. आणि इथल्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या. तिथे तो कुणी विचारणार नाही, पण दोन वर्षांनी परत यायचं ठरलं, तर पुण्या-नाशिकच्या शाळेत पहिला कागद तोच मागतील. तो चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

नमस्कार.