बाटलीतलं कॅफिन मोजताना

नमस्कार श्रोतेहो.

रात्री दहाला सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेबाहेर जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात एकतर चहाचा कप असतो, नाहीतर वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. जागं ठेवण्याचं काम दोन्हींत कॅफिनच करतं. दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानं झोप येते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा असतोच, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही.

आता ती बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. भारतातल्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं लागतं. बहुतेक बाटल्या वरच्या टोकाशीच असतात. १०० मिलिलिटरला ३० धरलं, तर पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅम. पण छापलेलं असतं १०० मिलिलिटरचं, आणि पिऊन होते अख्खी बाटली! हा अडीचचा गुणाकार कोणी करत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ साली म्हटलं की मुलांसाठी आणि किशोरांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत काळजीचं कारण नाही. पन्नास किलोच्या मुलाचे झाले १५०, म्हणजे दोन बाटल्यांत हिशेब संपला. चहा अजून धरलेलाच नाही. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात दीडशे मिलिलिटर चहाला ३० ते ६५ मिलिग्रॅम दिले आहेत. आपला चहा उकळतो किती, त्यावर बरंच अवलंबून.

हे आकडे येतात कुठून? लेबलवर विसंबायचं नसेल तर प्रयोगशाळेत एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. पेयातला वायू काढून टाकायचा, ते गाळून पातळ करायचं आणि त्याचे काही मायक्रोलिटर बारीक कणांनी भरलेल्या नळीतून जोरानं ढकलायचे. दिवाळीतला लक्ष्मी रस्ता आठवा. ज्याला काही घ्यायचं नाही तो सरळ पुढे निघतो, आणि जो दर दुकानाशी रेंगाळतो तो उशिरा पोहोचतो. तसंच नळीतल्या कणांशी ज्याची सलगी जास्त, तो पदार्थ उशिरा बाहेर पडतो. पलीकडे अतिनील प्रकाशाचा शोधक बसलेला असतो. कॅफिन सुमारे २७३ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, त्याचा उंचवटा कागदावर उमटतो. माहीत असलेल्या द्रावणांच्या उंचवट्यांशी त्याचं क्षेत्रफळ ताडून पाहिलं की मिलिग्रॅम मिळतात.

नुसता प्रकाश टाकून का मोजत नाहीत, असं हुशार विद्यार्थी विचारतो. कारण याच बाटलीत नायसिनामाइड हे जीवनसत्त्वही असतं आणि ते २६२ च्या आसपास प्रकाश शोषतं. आधी वेगळं केलं नाही, तर त्याचंही माप कॅफिनच्या खात्यात पडतं.

अलीकडच्या संशोधनाकडे वळू. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत बारा लाखांहून जास्त मुलं होती. एनर्जी ड्रिंक पिणाऱ्यांत अपुरी झोप, चिंता आणि नैराश्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. आता, आधीच झोप नसलेलं मूल बाटलीकडे वळतं, असंही असू शकतं. कार्यकारण यातून सिद्ध होत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य नेमकं गळतं. मला जास्त उपयोगी वाटतो तो २०२३ चा झोपेवरचा आढावा. १०७ मिलिग्रॅम कॅफिनची कॉफी झोपेच्या किमान ८.८ तास आधी घ्यावी, असा त्यांचा हिशेब. रात्री अकराला झोपायचं तर शेवटची कॉफी दुपारी सव्वादोनच्या आत! पुणेकर हे मानतील असं मला वाटत नाही, पण दहा वाजताच्या बाटलीचं काय होत असेल, याचा अंदाज त्यातून येतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. 'पिऊ नका' हे मुलांनी शंभरदा ऐकलंय. आठवीच्या वर्गात रिकाम्या बाटल्या आणा आणि गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. कॉलेजात चहापत्तीतून कॅफिन काढायचा जुना प्रयोग आहेच. सोडियम कार्बोनेट टाकून पत्ती उकळली की टॅनिन पाण्यात राहतं आणि कॅफिन डायक्लोरोमिथेन या द्रावकात उतरतं. हे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच, म्हणजे फ्यूम हूडमध्येच करायचं. निघालेली पांढरी पूड मात्र कोणी जिभेला लावू नये, द्रावकाचा अंश तिच्यात राहिलेला असू शकतो.