कोर्ट नाक्यापुढची दगडी भिंत

[दृश्य : कोर्ट नाका, संध्याकाळची रहदारी]

कोर्ट नाक्यावरून कळव्याच्या पुलाकडे निघालं की दगडी, उंच भिंत लागते. आत ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. तारखेला आलेले पक्षकार, रिक्षावाले, कळव्याला घरी निघालेली माणसं, सगळे तिला नुसतं ‘जेल’ म्हणतात. जवळच्या चौकाला राघोजी भांगरे यांचं नाव आहे. नाव वाचता येतं, पण ते नेमकं याच जागेला का दिलं, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही.

या भिंतीच्या आत काय काय घडलं, ते आज बाहेर उभं राहून सांगायचंय.

[दृश्य : तटाचा कोपरा, बुरुजाची गोलाई]

तुरुंग नंतरचा, आधी हा किल्ला. १७३० मध्ये पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला. काम पुरं होण्याआधीच, १७३७ च्या मार्चमध्ये, मराठ्यांनी ठाणं घेतलं. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची ती सुरुवात. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी हल्ला करून किल्ला जिंकला आणि मग तो त्यांच्याकडेच राहिला.

१७८७ मध्ये किल्ल्यात नव्या कामासाठी खोदताना ताम्रपट हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरीचं ते दानपत्र, शके ९३९ चं, म्हणजे इसवी सन १०१७ चं. त्यात श्रीस्थानक नगरातल्या लोकांना उद्देशून राजाज्ञा आहे. श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणं. ज्या मातीवरून आपण रोज जा-ये करतो, तिच्यात हे गाव जवळजवळ पावणेआठशे वर्षं आपल्या नावानिशी पडून होतं.

[दृश्य : तटाची उंची खालून वर]

आता त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा लाडका कारभारी. १८१५ च्या जुलैत बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीला जबाबदार धरलं आणि पेशव्याला तो इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्याला आणलं इथे, ठाण्याला. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई ठेवले. एतद्देशीय शिपाई कदाचित कैद्याला सामील होतील, ही धास्ती.

आणि तिथेच कंपनी सरकार फसलं. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा नोकर, चाकरीला होता. तो कैद्याच्या खिडकीखाली घोड्याची निगा राखता राखता गाणी म्हणायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटे, नोकर कामात रमलाय. गाण्यात निरोप होते. घोडा कुठे उभा आहे, माणसं कुठे दबा धरून बसलीत, सगळं भर पहाऱ्यात, मोठ्या आवाजात सांगितलं जात होतं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून निसटला.

त्या मोतद्दाराचं एखादं चित्र तरी या भिंतीवर असावं, असं मला मनापासून वाटतं. त्रिंबकजी काही संत नव्हता. पण या सुटकेचे पडसाद मोठे उमटले. तो पुन्हा हवाली करा म्हणून इंग्रजांनी बाजीरावाला कोंडीत धरलं, जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला, आणि वर्षभरात पेशवाई संपली. त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला. पुढे त्याला दूर काशीजवळ, चुनारच्या किल्ल्यात ठेवलं.

[दृश्य : चौक, सिग्नलला थांबलेली वाहनं]

ज्यांच्या नावाचा हा चौक, ते राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. गडांच्या राखणीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या या लोकांचे हक्क इंग्रजी अमलात गेले. उरलेल्या जमिनी कर्जापायी सावकारांच्या घशात गेल्या. राघोजींनी १८४४ च्या सुमारास बंड उभारलं. नगर, पुणे, नाशिक, ठाणे, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्याची झळ पोचली. सावकारांची नाकं कापली गेली, कर्जखतं जाळली गेली. इंग्रजांनी पलटणी लावल्या, साथीदार पकडले, तरी राघोजी हाती लागेनात. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल याने त्यांना पंढरपुरात यात्रेकरूंमध्ये धरलं. २ मे १८४८ रोजी याच कारागृहात त्यांना फाशी दिलं.

तेव्हा ठाण्यात रेल्वेही आलेली नव्हती. ती आली १६ एप्रिल १८५३ ला. ती तारीख ठाण्यातलं शाळकरी पोरही सांगेल. २ मे विचारा, फार थोडे सांगतील.

वासुदेव बळवंत फडकेही एडनला रवाना होण्याआधी याच तुरुंगात होते.

[दृश्य : कारागृहाचा दरवाजा, बाहेरून]

१९ एप्रिल १९१०. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल तिघांना इथे फाशी झालं. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्यांचं स्मारक कारागृहाच्या आत आहे. तुरुंग चालू असल्याने तुम्हाआम्हाला तिथे सहज जाता येत नाही. म्हणून तर बाहेर, लोकांच्या नजरेला पडेल असं काही हवं.

मोठा पुतळा नको, कमान नको. दगडात कोरलेली एक पाटी पुरे, मराठीत, बसथांब्याजवळ, पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. मजकूर एवढाच :

‘पोर्तुगीज किल्ला, बांधकामास आरंभ १७३०. मराठ्यांनी घेतला १७३७. शिलाहार ताम्रपट येथे सापडले १७८७. राघोजी भांगरे यांना येथे फाशी, २ मे १८४८. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना येथे फाशी, १९ एप्रिल १९१०.’

बसची वाट बघता बघता वाचून होईल. आणि खाली जागा उरलीच, तर गाणं म्हणणाऱ्या मोतद्दारासाठी एक ओळ.