सोलापूर ते मुंबई विमानाने: अंतर किती आणि वेळ किती?

नमस्कार मंडळी! हा नकाशा बघा, एक सेंटिमीटर म्हणजे वीस किलोमीटर. आणि हा चादरीचा धागा, आपल्याच सोलापुरातला. याचं एक टोक होटगी रोडच्या विमानतळावर धरतो, दुसरं मुंबईच्या विमानतळावर. ताणून मोजला तर अठरा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ३६० किलोमीटर. हे झालं हवाई अंतर.

आता हाच धागा रुळावरून नेऊ. कुर्डुवाडी, दौंड, पुणे, खंडाळ्याचा घाट, कल्याण. धागा पुरत नाही बघा! सीएसएमटीपर्यंत रेल्वेने ४५५ किलोमीटर भरतात.

जेट विमान तासाला साधारण ८०० किलोमीटर जातं. त्या हिशेबाने मुंबई अर्ध्या तासात यायला हवी. मग तिकिटावर तासाभराचा वेळ का असतो? कारण तो नुसत्या उडण्याचा वेळ नसतोच. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत उतरून, जागेवर जाऊन उभं राहिलं की थांबतं. पूर्ण वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. इतक्या जवळच्या प्रवासात वर चढून होतंय न होतंय तोच उतरायची तयारी सुरू होते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकच वापरात असते. गर्दी असली की आपलं विमान वरच घिरट्या घालतं.

गोव्याचं उदाहरण घ्या. तिथलं मोपा विमानतळ इथून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास, मुंबईपेक्षा जवळ. पण जून २०२५ मध्ये ती सेवा सुरू झाली ती एटीआरने. हे पंख्याचं विमान, वेग ताशी ५०० च्या घरात. म्हणून अंतर कमी असलं तरी वेळ कमी लागेलच असं नाही.

आता घरापासूनचा हिशेब करू. विमानतळावर पोचायला पाव तास, तिथे दीड तास आधी हजर, विमानात एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एक तास. झाले सव्वाचार तास. वंदे भारतला साडेसहा तास लागतात. म्हणजे स्टेशनला जायचा-यायचा वेळ न धरता वाचतात ते सव्वादोन तास, पाच-साडेपाच नव्हे.

माझे मामा तपासणीसाठी परळला जातात. मी त्यांना सांगितलं, मामा, तुम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसनेच जा. रात्री झोपायचं, पहाटे दादरला उतरायचं, तिथून परळ हाकेच्या अंतरावर. पण कुणाचं काम अंधेरीत असेल, संध्याकाळी परत यायचं असेल आणि विमानाच्या वेळा जुळत असतील, तर त्यांनी विमानच घ्यावं. तिकीट काढण्याआधी मुंबईत नेमकं कुठे जायचंय ते बघा आणि तिथपासून उलटा हिशेब मांडा. तुमचा हिशेब किती तासांचा आला ते मला कमेंटमध्ये लिहा, मी सगळे वाचतो.