पोचलास का?

(संध्याकाळ. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. दुचाकीचा आवाज जवळ येतो.)

हा सांगली-पेठ रस्ता. गळीत हंगामात अंधार पडला की इथं एकामागोमाग ट्रॅक्टर लागतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस आणि त्या उसाआड गेलेला मागचा दिवा. असलाच तर.

आता या दुचाकीवाल्याची मान बघा. डावीकडं कललीय. फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पलीकडून आई विचारतेय, "पोचलास का रं? येताना दही आण."

साठच्या वेगानं गाडी 3 सेकंदांत 50 मीटर जाते. म्हणजे कबड्डीची जवळपास चार मैदानं. खिशातनं फोन काढायला, नाव बघायला, कानाला लावायला तेवढा वेळ जातोच. पुढचा ट्रॅक्टर विसाच्या वेगानं चालला असेल, तर तेवढ्यात मधलं 33 मीटर अंतर संपलेलं असतं.

"आमचं ब्लूटूथ आहे," चारचाकीवाले ऐटीत सांगतात. हात मोकळे राहतात, खरं आहे. डोकं कुठं मोकळं असतं? नजर रस्त्यावरच असते, पण समोरचं दिसूनही ध्यानात येत नाही. मग शेजारी बसलेल्याशी गप्पा मारलेल्या कशा चालतात? त्यालाही ट्रॉली दिसते ना. तो बोलता बोलता थांबतो, नाहीतर "अरं, पुढं बघ!" म्हणून ओरडतो. फोनवरच्या आईला ट्रॉली दिसत नाही. ती दह्याचंच बोलत राहते.

गाडी चालवताना फोन वापरला की अपघाताची शक्यता साधारण चौपट होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातातला फोन आला. पहिल्याच गुन्ह्याला 1 ते 5 हजार रुपये दंड, कैदेचीही तरतूद. चौकात पोलीस दिसला की मान सरळ होते. चौक मागं पडला की पुन्हा कलते.

(आष्टा. चहाच्या गाड्याशेजारी तीच दुचाकी, स्टँडवर लावलेली.)

"आई, आष्ट्यात थांबलोय. चहा घेतो आणि निघतो."

"मगाशी गाडीवर होतास व्हय? मग उचलायचा कशाला?"

"तू परत परत लावतीस म्हणून."

(क्षणभर शांतता.)

"बरं, ठेव. दही राहू दे."