समुद्राच्या भिंतीतला बोगदा

मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, सह्याद्रीत एवढ्या घळी आणि लेणी पडलेली असताना तुम्ही ऑस्ट्रेलियात कशाला तडफडायला गेलात? प्रश्न रास्त आहे. उत्तर दगडात आहे. आपला काळा कातळ लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागात आम्ही ज्या कड्यांखाली मान वर करून उभे होतो, ती मात्र चुनखडीची भिंत, ३६ ते ३८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात वाढलेली. शैवालांनी आणि आता नामशेष झालेल्या, स्पंजासारख्या जीवांनी ती रचली. समुद्र हटला, भिंत उरली.

तिथे जायला डर्बीहून गिब रिव्हर रोड धरायचा. अख्खा रस्ता सुमारे ६६० किलोमीटरचा. गुरं बंदराकडे न्यायला काढलेला रस्ता, बराचसा कच्चा आणि पन्हळी पत्र्यासारखा. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे दात जरा कमी वाजतात. पावसाळ्यात नाव काढायचं नाही. आणि दोन्ही बाजूंना फुगलेल्या बुंध्यांची झाडं: आपल्याकडच्या गोरखचिंचेची सख्खी चुलत बहीण. इतक्या लांब ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

विंजाना घळ साडेतीन किलोमीटरची. लेनर्ड नदीने ती भिंत आरपार चिरली आहे. त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे कोरड्या दिवसांत, नदीची नुसती डबकी उरतात आणि डबक्यांकाठी अरुंद तोंडाच्या, गोड्या पाण्यातल्या मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या असतात. आम्ही वाळूतून दबकत चाललो, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी कड्याला हात लावला. खडबडीत, करवतीसारखा. आपल्या काळ्या बसाल्टवर रॉक पॅच, म्हणजे उभे कातळटप्पे, चढलेल्यांनी ती धार एकदा बोटांनी चाखावी.

आता खरी गोष्ट. या घळीत १८९४च्या नोव्हेंबरात पोलीस आणि बुनुबा आदिवासी यांच्यात लढाई झाली. जंदामारा हा बुनुबा जमातीचा तरुण. आधी मेंढवाड्यांवर कामाला, मग पोलिसांसाठी माग काढणारा, म्हणजे आपल्याच माणसांना पकडून देणारा. त्या ऑक्टोबरात त्याने आपल्या वरच्या पोलीस शिपायाला, बिल रिचर्डसनला, गोळी घातली आणि साखळदंडातल्या बुनुबांना सोडवलं. तुमच्या तोंडावर गनिमी कावा आलाच आहे, मला दिसतंय. माझ्याही आला होता. पण आपले गडकोट माणसांनी बांधले. इथे तटबंदी समुद्राने आधीच बांधून ठेवली होती आणि जंदामाराला तिची प्रत्येक भेग पाठ होती. विंजानात तो जबर जखमी झाला, तरी निसटला, आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ हाती लागला नाही. तो अदृश्य होतो, असं लोक मानत.

अदृश्य होण्याची एक जागा आम्ही पाहिली. विंजानापासून पस्तीसेक किलोमीटरवर टनेल क्रीक, बुनुबांचं दिमालुरू. ओढ्याने डोंगराखालून पोखरलेला ७५० मीटरचा बोगदा. तोंडाशी घरांएवढे धोंडे, त्यांच्यामधून सरपटत आत. मग पाणी, आधी घोट्यापर्यंत, पुढे मांडीपर्यंत, आणि चांगलंच गार. मध्यावर माझी बॅटरी हातातून सुटून पाण्यात गेली. चूक माझीच, दोरी मनगटात अडकवायचा कंटाळा. दुसऱ्याच्या झोतात पलीकडच्या काठावर दोन लाल ठिपके चमकले. ती मगर होती. सगळे भिंतीला चिकटून, एकमेकांच्या बॅगा धरून पुढे सरकलो. जरा पुढे छत कोसळलेलं आहे, वरून ऊन खाली येतं. तिथे मात्र आम्ही बराच वेळ काही न बोलता बसलो.

याच बोगद्यापाशी १ एप्रिल १८९७ला जंदामारा मारला गेला. पोलिसांच्या गोळीने नाही. त्यांनी दुसरीकडून आणलेल्या आदिवासी माणसाने, मिंगो मिकने, त्याला टिपलं. तोही माग काढणाराच होता.