भाचीचा आयलंड

नमस्कार मंडळी. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, कारण मी आज मधे मधे स्पेलिंगं सांगणार आहे आणि रेडिओवर फळा नसतो.

तर झालं असं, परवा भाचीची डिक्टेशनची वही बघत होतो, तिनं आयलंडचं स्पेलिंग लिहिलेलं आय-एल-ए-एन-डी, एस गायब, त्यावर लाल गोल आणि खाली शेरा, पाच वेळा लिहून आण. मला म्हणते, मामा, म्हणायचाच नाही तर तो एस लिहायचा कशाला? आता गंमत ऐका. पोरगी बरोबर होती, फक्त पाचेकशे वर्षं उशिरा जन्मली. इंग्रजीत हा शब्द आधी एसशिवायच लिहायचे, कुणी आयनं सुरू करायचं कुणी वायनं. पण बेटालाच आइल असा दुसरा एक शब्द फ्रेंचमधून आलेला, त्याचं मूळ लॅटिनमधलं इन्सुला, म्हणून तिथे एस होता, तर विद्वानांना वाटलं हे दोघे सख्खे भाऊ असणार, दिला याच्याही गळ्यात एस बांधून. नातं काही नव्हतं हो!

कर्जाचा तो डेट, त्यातला बीसुद्धा असाच. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा डी-ई-टी-टी-ई असा सुटसुटीत होता. मग लॅटिनमधे डेबिटम आहे हे आम्हाला माहितीये असं दाखवायला बी घुसवला, डाउटमधेही घुसवला. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या डिग्र्या छापतात ना, तसला प्रकार.

तेव्हा एकच एक स्पेलिंग बरोबर ही भानगडच नव्हती. शेक्सपियरच्या सहा सह्या आज शिल्लक आहेत आणि त्यातल्या एकीतही आपण लिहितो ते स्पेलिंग नाही. 1611 सालचं किंग जेम्स बायबल घ्या, पहिल्याच ओळीत हेवन आहे एच-ई-ए-यू-ई-एन, कारण यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरं मानतच नव्हते, शब्दाच्या सुरुवातीला व्ही लावायचा आणि मधे यू. म्हणजे अप लिहायचं व्ही-पी. आज हे लिहिलं तर मार्क गेलेच.

मला सगळ्यात आवडतो कर्नल. लिहायचं एल, म्हणायचं आर! याची जुनी दोन रूपं होती, एक इटालियन वळणाचं एलवालं, एक फ्रेंच वळणाचं आरवालं. बराच काळ दोन्ही चालली आणि शेवटी कागदावर एल जिंकला, तोंडात आर राहिला. आपण मराठीत कर्नलच लिहितो, आपल्याला पत्ताही नाही की आपण त्या हरलेल्या स्पेलिंगच्या बाजूने आहोत.

म्युझिकच्या शेवटी के असायचा, पब्लिकच्याही. डॉक्टर जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीत तो आहे, त्याचं म्हणणं इंग्रजी शब्द सीवर संपतच नाही. मग अमेरिकेत वेबस्टर नावाच्या डिक्शनरीवाल्यानं हा के उडवला, तो गेला, पण विमेन डब्ल्यू-आय-डबल एम-ई-एन आणि टंग टी-यू-एन-जी असं पण लिहा म्हणाला ते कुणी ऐकलं नाही. 1906 मधे तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं सरकारी छापखान्याला हुकूम दिला, ही 300 स्पेलिंगं सोपी करा, थ्रू म्हणजे टी-एच-आर-यू वगैरे. हसले लोक. वर्ष संपायच्या आत हुकूम मागे. आता तेच थ्रू पोरं मोबाइलवर बिनधास्त टाइप करतात, कुणाच्या हुकुमाशिवाय.

हे सगळं भाचीला रंगवून सांगितलं, वर हेही सांगितलं की बाई, परीक्षेत मात्र एस घाल. मग म्हटलं आपल्याकडचं पण दाखवू, म्हणून आजोबांचं जुनं पत्र काढलं, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचं. तुझें पत्र मिळालें, वाचून बरें वाटलें, सगळीकडे अनुस्वार, जे तेव्हाही कुणी उच्चारत नव्हतं. तिनं वाचलं, परत वाचलं, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत लाल पेनानं सतरा गोल करून खाली शेरा मारला होता, पाच वेळा लिहून आण.